एकाच गुन्ह्याचे दोन वर्ग

(आपल्या तुकडीच्या त्रिदशकपूर्ती स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, वक्त्यांनी तपासून दिलेला मजकूर.)

 मार्च १९९५ला दहावीचा पेपर टाकून बाहेर पडलेल्या, आणि आज पोट, टक्कल, चष्मा यांपैकी किमान एक तरी सोबत घेऊन आलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींना नमस्कार.

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय त्यांनीच सुचवला : "तू कायदा आणि ते गुन्ह्यांचं काहीतरी असं दोन्ही एकदम शिकलीस ना, त्याबद्दल बोल." "ते गुन्ह्यांचं काहीतरी" म्हणजे गुन्हेशास्त्र. गेली वीस वर्षं मी कुठल्याही लग्नाकार्यात हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस म्हणतो, "म्हणजे सीआयडी मालिकेतल्यासारखं?" तर आधीच सांगते. मी आजवर एकही दरवाजा तोडलेला नाही. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, डीएनए हे न्यायवैद्यक विज्ञान, फॉरेन्सिकवाल्यांचं काम. गुन्हेशास्त्र वेगळं. ते आहे समाजशास्त्राचं भावंड.

माझा रस्ता तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. वडील गिरणीत साळखात्यात होते. मी अकरावीत गेले त्या काळात सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. आधी बी.ए., मग इथंच एलएल.बी., आणि पुढं पुण्याला एलएल.एम.ला फौजदारी कायदा आणि गुन्हेशास्त्र असा गट. तिथं दोन वर्षं दोन्ही विषय हातात हात घालून शिकले. हातात हात म्हणजे रोज भांडत. सकाळी अकराच्या तासाला जे शिकवलं जायचं, त्यावर दुपारी दोनच्या तासाला प्रश्नचिन्ह लागायचं.

एक उदाहरण घेऊ. कोणीतरी स्टँडवरून सायकल चोरली. अकराच्या तासाला आम्ही विचारायचो : वस्तू जंगम होती का? ती दुसऱ्याच्या ताब्यात होती का? त्याची संमती होती का? नेणाऱ्याचा हेतू लबाडीचा होता का? वस्तू जागची हलवली का? पाचही उत्तरं पुराव्यानिशी मिळाली की चोरी सिद्ध. एकही निसटलं की माणूस मोकळा. कायद्याचं हे सौंदर्य आहे. तो फार नेमका आणि फार अरुंद प्रश्न विचारतो : याने, या दिवशी, हे केलं की नाही?

दुपारी दोनच्या तासाला तीच सायकल पुन्हा यायची. आता प्रश्न असे : दहा सायकली चोरीला गेल्या तर तक्रार किती जण देतात? तक्रार द्यायला गेलेल्यांपैकी किती जणांची लिहून घेतली जाते? पोलीस पहिल्यांदा कोणाच्या दारात जातात? पकडलेल्या मुलाचं तुरुंगातून सुटल्यावर काय होतं? आणि त्याच गल्लीतल्या इतर पन्नास मुलांनी सायकल का चोरली नाही?

एक विषय एका माणसाकडे बघतो, दुसरा त्याच्या मागच्या गर्दीकडे. माझ्या पोटापाण्याचं काम वकिली शिकवणं हे आहे आणि उरलेल्या वेळात तुरुंगातल्या कैद्यांना कायदेशीर मदत. दोन्ही ठिकाणी मला या दोन्ही नजरा लागतात. त्या का लागतात हे सांगायला पुण्या-मुंबईची उदाहरणं द्यायची गरज नाही. आपलं सोलापूर पुरेसं आहे.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्याजवळून आपण सगळे हजार वेळा गेलो आहोत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. त्या दिवशीच्या न्यायालयाच्या दप्तरात हे चौघे गुन्हेगार होते. आज त्यांच्या नावानं चौक आहे. गुन्हेशास्त्राच्या पहिल्या तासाला एक वाक्य सांगतात : गुन्हा ही दगडासारखी निसर्गात पडलेली वस्तू नाही. काय गुन्हा आहे हे कोणीतरी ठरवतं, आणि कोण ठरवतं हे बघावं लागतं. बाकीच्या विद्यार्थ्यांना हे समजून घ्यायला पुस्तक लागलं. सोलापूरच्या मुलीला फक्त चौक आठवावा लागला.

दुसरी आठवण इतकी सोपी नाही.

आपल्या शाळेत सेटलमेंटमधून मुलं यायची. "सेटलमेंट" हा शब्द आपण पेठेच्या नावासारखा वापरायचो, त्याचा अर्थ कोणी विचारला नाही आणि कोणी सांगितलाही नाही. तो मला एलएल.एम.च्या पहिल्या वर्षी, पुण्याच्या ग्रंथालयात कळला.

इंग्रज सरकारनं १८७१ला गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ला त्याचा विस्तार झाला आणि मुंबई इलाखाही त्यात आला. १९२४ला तो पुन्हा नव्यानं मांडला गेला. या कायद्याची यंत्रणा साधी होती. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची. मग त्या जमातीतल्या माणसांची नावं नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची. गावाबाहेर जायचं तर पास. पास नसेल तर शिक्षा. आणि सरकारला वाटलं तर सगळ्या कुटुंबांना उचलून एका कुंपणात ठेवायचं. त्या कुंपणाचं नाव सेटलमेंट. सोलापूरचं सेटलमेंट मोठं होतं, तारेचं कुंपण असलेलं. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि भोंग्यानंतर हजेरीला परत यायची. म्हणजे माझे आजोबा ज्या साच्यांवर उभे राहिले, त्यांच्या शेजारच्या साच्यावर तारेच्या आतून आलेला माणूस उभा असू शकेल. एकाच खात्यात काम, पण एकजण घरी जायचा आणि एकजण हजेरीला.

अकराच्या तासाला शिकलेलं आठवा : याने, या दिवशी, हे केलं की नाही? हा कायदा तो प्रश्नच विचारत नव्हता. त्याला पुरावा नको होता, दिवस नको होता, कृत्य नको होतं. जन्म पुरत होता. गुन्हेगार ठरण्यासाठी कैकाड्याच्या, पारध्याच्या, टकाऱ्याच्या घरी पाळण्यात असणं पुरेसं होतं.

आणि माझा लाडका दुसरा विषय, गुन्हेशास्त्र, तेव्हा काय करत होता? तो या कायद्याला शोभेल असंच बोलत होता. इटलीतल्या लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरनं १८७६ला पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो. जबडा, कान, कपाळ बघून तो ओळखता येतो. पुढं चार्ल्स गोरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरनं सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेतली आणि तुरुंगाबाहेरच्या माणसांशी ताडून बघितली. १९१३ला त्यानं निष्कर्ष छापला : गुन्हेगाराची अशी वेगळी शरीरठेवण सापडत नाही. विज्ञान म्हणून ही गोष्ट तिथं मोडीत निघाली. पण गोरिंगचं पुस्तक आलं तेव्हा आपल्याकडं १९११चा कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली होती, आणि तो रद्द व्हायला अजून चाळीस वर्षं लागायची होती. ३१ ऑगस्ट १९५२ला तो देशभरातून गेला. म्हणून या जमातींना "विमुक्त" म्हणतात. महाराष्ट्राच्या यादीत अशा १४ विमुक्त जाती आहेत. बाकीचा देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला. हे लोक पाच वर्षं सोळा दिवसांनी.

कायदा गेला, शब्द राहिले. "भामटा" हे एका जमातीचं नाव आहे. आपण तो शब्द कशासाठी वापरतो? "उचल्या"चंही तेच. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं, आणि १९८८ला त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण मराठी बोलणारे लोक रोज, काही मनात न ठेवता, एका जमातीचं नाव शिवी म्हणून वापरतो. त्याला कुठलंही कलम लागत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून सांगते आहे. तो म्हणाला, "सांग, पण नाव नको. माझी पोरगी आता याच शाळेत आहे."

आठवीत आपल्या वर्गात सहलीचे जमा झालेले पैसे दिसेनासे झाले. वर्गात साठाच्या आसपास मुलं-मुली. दप्तरं तपासली गेली चार. चारही एकाच वस्तीतली. ती तपासताना कोणी रागावलं नाही, मारलं नाही, आवाजही चढवला नाही. सगळं अगदी शांतपणे, जणू फळा पुसावा तसं झालं. दुसऱ्या दिवशी पैसे कपाटात नकाशांच्या गुंडाळीत सापडले. सहल पन्हाळ्याला गेली. चारांपैकी दोघे सहलीला आले नाहीत, आणि एक नववीनंतर शाळेतच आला नाही.

हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. ज्यांनी दप्तरं उघडली ते दुष्ट नव्हते. त्यांनी आपल्यातल्या अनेकांची फी स्वतःच्या खिशातून भरलेली मला माहीत आहे. म्हणूनच सांगते. दुष्ट माणसानं केलं असतं तर प्रश्न सोपा होता. चाळीस वर्षांपूर्वी रद्द झालेला कायदा चांगल्या माणसाच्या हातून, त्याच्या नकळत, कसा चालू राहतो, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या चार दप्तरांनी शिकवलं. गुन्हेशास्त्रात याला शिक्का मारण्याचा सिद्धान्त म्हणतात. हॉवर्ड बेकर नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९६३ला तो नीट मांडला. माणसाला एकदा "तसला" म्हटलं की शेजारी, मालक, पोलीस त्याच्याशी तसंच वागतात, आणि कधीकधी तो माणूसही.

आणि इथंच मला कायद्याबद्दल आदर वाटायला लागला. कारण ज्या पुराव्याच्या कायद्याला आम्ही कंटाळायचो, त्यात एक कलम होतं, ५४ नंबरचं. फौजदारी खटल्यात आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. त्यानं आपणहून चांगल्या चारित्र्याचा पुरावा आणला तरच ते उघडतं. आता हे नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ४९ क्रमांकावर आहे. किती साधं वाक्य! "हा तसलाच आहे" हा पुरावा नाही. इंग्रजांनी १८७२ला हे कलम लिहिलं आणि त्याच्या आदल्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा लिहिला. एका हातानं सांगितलं की चारित्र्य बघू नका, दुसऱ्या हातानं जमातीच्या जमाती नोंदवल्या.

कोणी म्हणेल, जुनी गोष्ट. तर एक नवी ऐका. २००३ला जालना जिल्ह्यात दरोडा, खून, बलात्कार असा भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. खालच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. २००९ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. मग पुनर्विलोकन झालं, आणि मार्च २०१९ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईंनी पोलिसांच्या फोटोंतून सुरुवातीला वेगळेच चार जण ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली. त्यांतली कितीतरी फाशीच्या छायेत. न्यायालयानं प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

आपल्याकडं म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथं संन्याशाऐवजी भटका होता एवढंच. ज्यांच्या घरचं माणूस त्या रात्री गेलं, त्यांनाही न्याय मिळाला नाही, हे विसरू नका. चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर असतो.

हा निकाल मी दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देते. कायद्याचा विद्यार्थी त्यात ओळखपरेडीतली चूक बघतो. गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी विचारतो, संशय आधी याच पालांवर का गेला? दोघांनी एकत्र बसून वाचलं तरच निकाल पूर्ण वाचून होतो.

आता तुरुंगाबद्दल थोडं. तुरुंगात जे असतात त्यांना शिक्षा झालेली असते असं आपण धरून चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी केंद्राच्या आकड्यांनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. चारांतले तीन. कायदा त्यांना निर्दोष मानतो आणि बराकीत झोपवतो.

ते आत का असतात? काही जण गंभीर गुन्ह्यांसाठी, ते वेगळे. पण मला एका जिल्हा कारागृहात भेटलेला एकजण चोरीच्या आरोपाखाली होता. त्याला जामीन मंजूर होऊन पाच महिने झाले होते. पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. जामीनदाराला घर किंवा शेत हवं, त्याचा उतारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. ज्याच्या नातेवाइकांत कोणाच्याच नावावर गुंठाभर जमीन नाही त्यानं जामीनदार आणायचा कुठून? हे नवं नाही. १९७८ला मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचा असाच अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ जामीन राहायला तयार असूनही त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी तेव्हाच बजावलं की जामीन गरिबाच्या आवाक्यातला असला पाहिजे. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात उघड झालं की बिहारच्या तुरुंगांत काही माणसं त्यांच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकते त्याहून अधिक काळ, खटला न चालता, पडून होती.

कायद्यात त्यानंतर सुधारणा झाली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमानुसार, पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत. आणि असा कैदी असेल तर कोर्टाला लेखी कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. चांगलं कलम आहे. पण कलम स्वतः चालत बराकीत जात नाही. कोणीतरी तारखा मोजाव्या लागतात. आमचे विद्यार्थी ते करतात : वही, पेन्सिल, अटकेची तारीख, कमाल शिक्षा, भागाकार. आपल्या गणिताच्या सरांना आवडेल असं काम आहे, भागाकार बरोबर आला की माणूस घरी जातो.

आकड्यांचं निघालंच आहे म्हणून एक सावधगिरीची सूचना. "गुन्हे वाढले" अशी बातमी वाचली की थांबा. २०१२ला देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ला ३३,७०७. एका वर्षात पुरुष एवढे बिघडले का? दिल्लीच्या घटनेनंतर कायदा बदलला, बायका पुढं आल्या, तक्रार नाकारणं पोलिसांना जड जायला लागलं. आकडा वाढला तो बऱ्याच अंशी बोलण्याचा. उलट जिथं आकडा शून्य आहे तिथं गुन्हे नसतील असं नाही, तक्रार घेणारं कोणी नसेल. नोंदला न गेलेल्या या गुन्ह्यांना गुन्हेशास्त्रात काळा आकडा म्हणतात.

आता गिरण्यांकडं येते. गिरण्या बंद झाल्या तेव्हा आपल्यातल्या किती घरांत काय झालं हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कोणाची आई विड्या वळायला लागली, कोणाचे वडील रिक्षा चालवायला लागले, कोणाची शाळा सुटली. गरिबीमुळे माणूस गुन्हा करतो हे विधान खरं असतं, तर या सभागृहात आज कोणी बसलं नसतं, सगळे येरवड्यात भेटलो असतो. अमेरिकेतल्या ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ला प्रश्नच उलटा केला. लोक गुन्हा का करतात हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, बहुतेक लोक का करत नाहीत? त्यांचं उत्तर होतं : बंध. घरच्यांबद्दल, शिक्षकांबद्दल ओढ. गमावण्यासारखं काहीतरी हातात असणं. वेळ कशाततरी गुंतलेला असणं. आणि नियमांवर विश्वास.

हे चार बंध वाचताना मला आपल्या बाई आठवल्या. संध्याकाळी कवायत, शनिवारी स्कॉलरशिपचा जादा तास, आणि तीन दिवस गैरहजर राहिलं की चौथ्या दिवशी घरी येऊन चौकशी. आम्हाला वाटायचं ही कटकट आहे. हर्शींच्या भाषेत ते गुन्हे-प्रतिबंधक धोरण होतं, आणि त्याला सरकारी अनुदान लागलं नव्हतं. पण मग हेही म्हणावं लागतं की ज्याचं दप्तर उघडलं गेलं त्याचा हा बंध आपणच तोडला. नववीनंतर तो शाळेत आला नाही, याचं स्पष्टीकरण त्याच्या जमातीत शोधायचं की आपल्या वर्गात?

विश्वासानं काय होतं याचं उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. औंध संस्थानात १९३९ला तिथं कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. व्ही. शांतारामांनी १९५७ला काढलेला 'दो आँखें बारह हाथ' आपण शाळेत पडद्यावर बघितला होता. त्याची कथा गदिमांची, आणि प्रेरणा या वसाहतीची. एका छोट्या संस्थानानं जे केलं त्याची चर्चा आम्ही दंडशास्त्राच्या वर्गात परदेशी पुस्तकांबरोबरीनं करायचो.

आणखी एक गोष्ट या दोन विषयांनी शिकवली : आपण "गुन्हेगार" म्हटलं की डोळ्यांपुढं कोण येतं ते तपासून बघायला. एडविन सदरलँड यांनी १९३९ला अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांपुढं भाषण केलं आणि पांढरपेशा गुन्हेगारीचा विषय मांडला. त्यांचं म्हणणं, गरिबी हेच गुन्ह्याचं कारण मानणाऱ्यांनी कंपन्यांच्या कचेऱ्यांत डोकावलेलं नाही. आपल्यातल्या किती जणांच्या आईवडिलांची पुंजी एखाद्या पतसंस्थेत बुडाली? हात वर करू नका, मला अंदाज आहे. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९चा खास कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त करता येते, काही ठिकाणी पैसे परतही मिळाले आहेत. पण सायकल चोरणाऱ्याला रात्रीतून उचलतात आणि संस्था बुडवणाऱ्याला सत्काराला बोलावतात. सहलीच्या पैशांसाठी दप्तरं उघडली गेली. चेअरमनची बॅग कोणी उघडत नाही.

तुमच्यातल्या चार-पाच जणांनी जेवताना विचारलं की मुलाला किंवा मुलीला या बाजूला पाठवायचं का. थोडक्यात सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे कायद्याचे दोन रस्ते आहेत. राज्यात दोन्हींसाठी सीईटी असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, आणि अशी तीन विद्यापीठं आता महाराष्ट्रातच आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. गुन्हेशास्त्र कायद्याच्या अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी ऐच्छिक विषय म्हणून येतं. ते मन लावून शिकायचं तर पुढं मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारखी ठिकाणं आहेत. या संस्थेच्या त्याच विभागातून १९९०ला सुरू झालेला 'प्रयास' प्रकल्प आजही तुरुंगांत काम करतो. पैसा मिळेल का? वकिलीत सुरुवातीची पाच वर्षं कठीण. गुन्हेशास्त्रात नोकऱ्या मोजक्या. पण मूल जर जेवताना "पण त्यानं असं का केलं असेल?" असं विचारणारं असेल, तर अडवू नका. आणि कलमांच्या पाठांतराला घाबरू नका. आम्ही ३०२ आणि ४२० घोकून म्हातारे झालो, आणि १ जुलै २०२४ला सरकारनं एका रात्रीत ३०२चं १०३ आणि ४२०चं ३१८ करून टाकलं. आता कोणाला "चारसोबीस" म्हणायचं तर विद्यार्थी विचारतात, मॅडम, म्हणजे काय?

वेळ संपत आली आहे. माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. कोणी ओळखीचं तुरुंगात असेल आणि वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. १९८७च्या कायद्यानं कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना यासाठी उत्पन्नाची अट नाही. क्रमांक १५१०० लक्षात ठेवा. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्यांची कचेरी असते.

दुसरी. आज आपण शाळेला संगणक कक्षासाठी देणगी दिली, फार चांगलं झालं. तिच्यातून उरलेल्या रकमेत, आणि ती कमी पडली तर वरची भर मी घालते, सेटलमेंट भागातून येणाऱ्या मुलांसाठी नववी-दहावीची फी, पुस्तकं आणि जातीच्या दाखल्याची धावपळ एवढं करणारा एक छोटा निधी ठेवू. दाखल्यासाठी जुने पुरावे मागतात, आणि ज्यांच्या आजोबांचं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं त्यांच्याकडं ते नसतात. आपल्यातले दोघे तहसील कचेरीत आहेत, चौघे वकील आहेत. एवढं आपल्याला जमेल.

तिसरी विनंती शाळेला, आणि ती मी आज सकाळी मुख्याध्यापिका बाईंशी बोलून मांडते आहे. वर्गात काही हरवलं तर एकतर सगळ्यांची दप्तरं बघायची, नाहीतर कोणाचंच नाही. हा नियम लिहून शिक्षककक्षात लावायचा. बाई "हो" म्हणाल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतून जातीवर आधारलेल्या तरतुदी काढून टाकायला सांगितलं, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींसह. तुरुंगाला जे करायला सांगितलं ते शाळेला करायला कोर्टानं सांगायची वाट बघायला नको.

सर, बाई, तुम्ही शिकवलंत म्हणून इथं उभी राहून हे बोलता आलं.  आता जेवायला चला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाट बघते आहे.